यंत्राचं मौनव्रत आणि साळूबाईचं उद्यापन

एका जंगलात, जिथे आपल्याकडच्यासारखं काही म्हणजे काही घडत नाही असं तिथले सगळे शपथेवर सांगत, एक साळूबाई राहत होती. साळूबाई म्हणजे साळींदर. अंगभर काटे, पण स्वभाव लोण्यासारखा. तिने एकदा एक वसा घेतला होता.

वसा असा, की राखणपट्ट्यातलं गवत कापून होईपर्यंत कंद तोंडात घालायचा नाही.

आता बाळांनो, साळींदराने कंद सोडणं म्हणजे काय, हे तुम्हाला असं सांगून कळायचं नाही. एक संध्याकाळ मोबाइल सोडून बघा. मग कळेल.

राखणपट्टा म्हणजे जंगल आणि माळ यांच्यामधली लांबच लांब पट्टी. माळावर उन्हाळ्यात वणवा लागे. पट्टीतलं गवत कापलेलं असलं, की वणवा तिथवर येई, इथे काही खायला मिळत नाही असं बघे आणि नको असलेल्या पाहुण्यासारखा आल्या वाटेने निघून जाई. गवत उभं राहिलं, तर मात्र तो सरळ घरात शिरे. आणि पट्टीला लागून पहिलं घर, म्हणजे पहिलं बीळ, साळूबाईचं. बिळात तिचं नुकतं जन्मलेलं पिल्लू. त्याचे काटे अजून मऊ होते, आणि पाय काट्यांहून मऊ.

"अहो, होईल ना सगळं नीट?" ती नवऱ्याला विचारी.

"तू उपास कर, मी काळजी करतो," असं म्हणून तो कूस बदलून काळजी करायला लागे. त्याची काळजी शेजारच्या बिळापर्यंत ऐकू जाई. लोक तिला घोरणं म्हणत.

तर त्या जंगलात गवत कापायचं एक यंत्र होतं. तांबडं, चाकांचं. डोक्यावर एक जाळी, जाळीशेजारी एक दोरी आणि दोरीला काळी मूठ. मूठ धरून झटका दिला, की यंत्र भुर्रर्र करून सुरू होई आणि दोरी आपली आपण आत गुंडाळली जाई. मग गवाजी नावाचा गवा ते ढकलत पट्टाभर फिरे. पट्ट्यातलं गवत कुसळांचं, तोंड फाडणारं. ते कोणी खात नसे. म्हणून यंत्र.

इतकं सोपं होतं. पण मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ज्यांच्या जिवावर वर्षभर पोट भरतं, त्यांना एक दिवस हात जोडायचे. चांगली चाल आहे. साळूबाईला तर ती फारच आवडे. यंत्राबरोबर एक लाकडी पेटी आली होती. ती कोणी कधी उघडली नव्हती, कारण ती बसायला चांगली होती. त्या पेटीचाच चौरंग केला. वरच्या फळीवर कसलीशी चित्रं होती. साळूबाईने त्यांवर धुतलेलं वस्त्र अंथरलं, यंत्र वर बसवलं, झेंडूची माळ घातली, भोवती रांगोळी काढली.

मग जंगलाचे राजे वाघराजे आले. त्यांनी स्वहस्ते नारळ फोडला. दगडावर नव्हे, थेट यंत्राच्या डोक्यावर. राजे कधी दगड शोधत बसतात का?

नारळाचं पाणी जाळीतून गटागटा आत गेलं.

"बघा, बघा! यंत्राने तीर्थ घेतलं!" प्रधान तरसपंत ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झेंडूच्या माळेच्या दोऱ्याचं एक टोकही हळूच जाळीतून आत उतरलं. त्याच्यासाठी मात्र कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दसरा झाला, दिवाळी झाली. थंडी आली आणि जायला निघाली. पट्ट्यातलं गवत कंबरभर वाढून पिवळं पडलं. कापणीचा मुहूर्त ठरला. सगळं जंगल जमलं. वाघराजांनी मिशीला पीळ भरला, मूठ धरली आणि झटका दिला.

खर्रर्र.

दोरी सगळीच्या सगळी बाहेर आली. आणि बाहेरच राहिली. आत जाईना, की यंत्र बोलेना. नुसती लोंबत राहिली.

"अगंबाई!" टिटवी किंचाळली. "राजांना जीभ दाखवली की हो त्याने!"

वाघराजांचे कान मागे गेले. आता कोणाचं तरी काहीतरी होणार, फक्त कोणाचं ते ठरायचं होतं.

तरसपंत पुढे आले. तरसाला कशावरही हसता येतं, म्हणूनच त्यांना प्रधान केलं होतं. "ह्या ह्या! अहो, जीभ कसली? महाराजांनी ओढलेलं यंत्र बिघडतं का कधी? कोणाला वाटतंय तसं? वाटत असेल त्याने हात वर करावा."

कोणाला वाटत नव्हतं. ज्यांना वाटत होतं त्यांना हात नव्हते, असं त्यांना त्या क्षणी आठवलं.

"म्हणजे बिघडलेलं नाही. मग बोलत का नाही? साधी गोष्ट आहे. आपण त्याला पुजलं, त्याच्या अंगी देवपण आलं. त्याने मौनव्रत धरलंय!"

"तरीच!" वाघराजे म्हणाले, आणि त्यांचे कान जागेवर आले.

गवाजीने मान हलवली. "पर म्हाराज, आत कायतरी अडकलंय बघा. खडखड वाजतंय. जरा उघडून…"

"गवाजी," तरसपंत गोड आवाजात म्हणाले, "तुम्हाला ढकलायचं काम दिलंय ना? बोलायचं कधी दिलं?"

मग त्यांची नजर साळूबाईवर पडली. "ह्या बघा साळूबाई. व्रतवैकल्यांतलं ह्यांच्याइतकं ह्या जंगलात कोणाला कळतं? साळूबाई, तुम्हीच सांगा सगळ्यांना. घेतलेलं व्रत मध्येच मोडावं का?"

साळूबाईला दरबाराने आजवर काही विचारलं नव्हतं. पोहे किती भिजवायचे, एवढंसुद्धा नाही. ती लाजली, काटे नीट केले आणि म्हणाली, "नाही हो. घेतला वसा टाकू नये."

वाक्य सोळा आणे खरं होतं. फक्त चुकीच्या जागी पडलं. खरी वाक्यंसुद्धा जागा बघून टाकावी लागतात, बाळांनो. फुलासारखी. ओंजळीत शोभतात, जाळीत अडकतात.

झालं. यंत्राभोवती रेशमी दोरा बांधला. कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं. प्रसाद वाटला आणि सभा संपली.

साळूबाई घरी आली ती तरंगतच. "अहो, ऐकलंत का? मला विचारलं आज. दरबारात!"

"काय विचारलं?"

तिने सांगितलं.

नवरा उठून बसला. तो असा फार क्वचित बसे. "आणि गवत?"

"गवत…" साळूबाई म्हणाली, "गवत तसंच आहे."

"म्हणजे तुझा वसा म्हणतो, गवत कापा. यंत्राचा वसा म्हणतो, कापू नका. आणि दोन्हींना पाठिंबा तुझाच. वा!" तो पुन्हा आडवा झाला. "आता दोघांना भांडू दे. कोण जिंकलं ते मला सांग. म्हणजे पिल्लाला घेऊन कुठे पळायचं ते बघतो."

त्याने कूस बदलली, पण त्या दिवशी काळजी ऐकू आली नाही. खरी काळजी आवाज करत नाही.

इकडे तरसपंतांना युक्ती भलतीच आवडली. पाणवठ्याजवळची विहीर आटली होती. त्यांनी जाहीर केलं, विहीर निर्जळी उपास करते आहे. ओढ्यावरचा साकव कोसळला होता. तो ओढ्याला साष्टांग नमस्कार घालतो आहे, असं ठरलं. वैद्य म्हणून नेमलेलं अस्वल महिनाभर गुहेबाहेर आलं नाही, तर ते एकांतवासात आहे, असं कळवलं. जंगलात इतकं पुण्य साठलं, की पाय ठेवायला जागा उरली नाही. पाणी प्यायला मात्र अर्धा डोंगर उतरावा लागे.

आणि एका दुपारी माळाच्या पलीकडे धुराची एक बारीक रेघ दिसली.

"साळूवहिनी!" टिटवी ओरडत आली. "लागला गं! टेकडीच्या मागे आहे अजून, पण वारा इकडचाच आहे!"

साळूबाईने पिल्लाकडे पाहिलं. ते तिच्या पोटाशी डोकं खुपसून झोपलं होतं. त्याला घेऊन पळायचं तर साकव साष्टांग पडलेला. तिने पट्ट्यात जाऊन दातांनी गवत तोडून पाहिलं. तोंड रक्ताळलं आणि गवत फक्त वाकलं.

मग बायका अडचणीत सापडल्यावर जे करतात तेच तिने केलं. हातात फूल घेऊन ती देवापुढे गेली. देव म्हणजे यंत्र. तिने डोळे मिटून हात जोडले. म्हणाली, "बाबा रे, एवढं पिल्लू वाचव."

डोळे उघडले तेव्हा समोर जाळी होती. जाळीखालून गंजाचा तांबडा ओघळ आला होता. जाळीत झेंडूचा दोरा अडकला होता. तिने तो हलकेच ओढला. तो येईना.

देवाने उत्तर दिलं नाही म्हणतात. पण देव उत्तर देतो, बाळांनो. आपण डोळे मिटून बसतो म्हणून दिसत नाही.

साळूबाई दोरीकडे बघत राहिली. तिला ताक घुसळायची रवी आठवली. रवीला दोरीचा वेढा असतो. एक हात ओढतो, दुसरा हात परत घेतो. एकाच हाताने ओढत बसलं, तर दोरी सगळी हातात येते आणि लोणी काही येत नाही. "म्हणजे," ती पुटपुटली, "ह्याचा परत घेणारा हात आत आहे. आणि तो आखडलाय."

चौरंगावरचं वस्त्र एका कोपऱ्यात सरकलं होतं. तिने ते आणखी सरकवलं. पेटीवरच्या चित्रात तीच दोरी होती, तीच काळी मूठ आणि एका गोल झाकणात चकलीसारखी वेटोळी घातलेली पोलादी पट्टी. खाली लिहिलं होतं: जादा स्टार्टर. शेजारी तो बदलायचा कसा त्याची चित्रं. देव ज्या पेटीवर बसला होता, त्याच पेटीत त्याचं औषध होतं, आणि तिनेच त्यावर वस्त्र घातलं होतं.

ती आनंदाने दरबाराकडे निघाली, आणि वाटेत थबकली. सांगणार काय? यंत्र बिघडलंय? मग बिघडवलं कोणी? शेवटची दोरी राजांनी ओढली होती. आणि व्रत मोडू नये, असं चार जणांत सांगून बसलेली ती स्वतः.

व्रत मोडू नये. खरंच आहे. मोडू नये.

साळूबाई एकदम हसली. तिच्या अंगावरचे सगळे काटे खुळखुळले. मोडायचं नाही, पण संपवायचं तर असतं! इतकी व्रतं केली, आणि ही गोष्ट कशी सुचली नाही?

वाघराजे धूर बघत बसले होते. तरसपंत त्यांना सांगत होते, की तो धूर नसून माळ यज्ञ करतो आहे.

"महाराज," साळूबाई हात जोडून म्हणाली, "यंत्राच्या व्रताचं उद्यापन राहिलंय."

"उद्यापन?"

"उद्यापन केल्याशिवाय व्रत फळत नाही, महाराज. उलट मग ते यजमानाला बाधतं."

"यजमान कोण?" वाघराजांनी विचारलं.

"नारळ ज्यांनी फोडला ते."

वाघराजांचे पट्टे किंचित फिके पडले. "प्रधानजी, हे तुम्ही आधी का नाही बोललात?"

"मी… मी बोलणारच होतो," तरसपंत म्हणाले. "ह्या ह्या. सामान काय लागेल, साळूबाई?"

"अक्षता, फुलं, एक सुती चिंधी, नैवेद्याला ताजं पेट्रोल," साळूबाई म्हणाली, "आणि यजमानांचं उजव्या पंज्याचं नख."

उद्यापन थाटात सुरू झालं. वाघराजे पाटावर बसले. राणीसाहेब त्यांच्या हाताला हात लावून बसल्या, कारण कष्ट एकाचे आणि पुण्य दोघांचं, हा नियम जंगलातही आहे. साळूबाईने यंत्रावर अक्षता टाकल्या आणि ते जरासं हलवलं. पूजा उतरली. गवाजीने यंत्र खाली ठेवलं. पेटी उघडली. नवाकोरा स्टार्टर चकचकत बाहेर आला.

"आता महाराज, झाकणाच्या कडेला चार दिशांचे चार स्क्रू आहेत. खाचेत नख घालून डावीकडे फिरवायचं."

"डावीकडे?" तरसपंत उसळले. "हे तर अपसव्य झालं! डावीकडे फिरतात ते श्राद्धाला!"

"जुन्याचं श्राद्धच आहे, पंत," साळूबाई नम्रपणे म्हणाली. "सोडताना डावीकडे, बांधताना उजवीकडे."

वाघराजांनी नख फिरवलं. राजांनी आयुष्यात केलेलं ते पहिलं काम होतं, आणि ते त्यांना आवडलं. शेवटचा स्क्रू निघाला, झाकण उचललं, आणि आतली गंजकी चकली टणकन उडून तरसपंतांच्या नाकावर बसली. तिच्यामागून कुजलेल्या झेंडूचा गुंता आणि खोबऱ्याचा एक काळा तुकडा.

वाघराजे वाकून बघायला लागले. "हे काय आहे?"

गवाजी तोंड उघडणार होता. साळूबाईने त्याला एक काटा टोचला.

"हे व्रताचं फळ, महाराज," ती म्हणाली.

"अच्छा," वाघराजांनी नमस्कार केला. गंजलेल्या चकलीला सगळ्यांनीच नमस्कार केला. तरसपंतांनी तो नाक धरून केला.

चिंधीने आतली जागा पुसली. नवा स्टार्टर बसवला. स्क्रू उजवीकडे आवळले. टाकीत नैवेद्य ओतला. वाघराजांनी मूठ धरून झटका दिला.

दोरी बाहेर आली, सुर्रकन आत गेली. पण यंत्र? आत नुसती टकटक झाली आणि थांबली.

पुन्हा ओढली. टकटक.

टिटवी वरून ओरडली, "टेकडी ओलांडली गं त्याने! आला!"

"व्रतभंग!" तरसपंतांना नाकासकट कंठ फुटला. "मी सांगत होतो! ह्या बाईने देवाच्या पोटात हात घातला! महाराज, हा कोप आहे कोप!"

वाघराजे वळले. त्यांचे कान मागे गेले, आणि या वेळी कोणाचं काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं. साळूबाईचा नवरा गर्दीच्या कडेला पिल्लू पोटाशी धरून उभा होता. तो ओरडला, "अगं, चित्र! चित्र नीट बघितलंस का?"

साळूबाईने डोळे मिटले नाहीत. तिने चित्र बघितलं. झाकण बसवतानाच्या चित्रात एक हात होता, आणि त्या हातात मूठ होती. दोरी थोडीशी ओढून धरलेली. म्हणजे आतले दात आधी एकमेकांत बसतात, मग स्क्रू आवळायचे.

"महाराज, माझंच चुकलं," ती म्हणाली. "बांधताना दोरी हातात हवी. यजमानांनी ती जराशी ओढून धरायची, आणि स्क्रू राणीसाहेबांनी आवळायचे. नाहीतर पुण्य दोघांना कसं मिळणार?"

राणीसाहेब खूश झाल्या. आजवर त्या नुसता हात लावून बसत होत्या. त्यांनी नखाने असे स्क्रू आवळले, की वाघराजे दोन पावलं मागे सरकले.

"आता ओढा."

भुर्रर्रर्र!

गवाजीने पूजा-प्रसाद काही न बघता यंत्राचा दांडा धरला आणि धावत सुटला. कुसळं हवेत उडाली. मागून हरणं, रानडुकरं, ससे, सगळे कापलेलं गवत ओढून ओढून जंगलाच्या बाजूला आत नेऊ लागले. त्या दिवशी कोणी व्रत केलं नाही. काम केलं. फार थकवा येतो त्याने.

वणवा आला तेव्हा पट्टा कापून झाला होता. वणव्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खायला काही नव्हतं. तो थोडा वेळ दारात उभा राहिला आणि पट्ट्याच्या माळाकडच्या कडेचं एक झुडूप तेवढं चाखून परत गेला.

साळूबाई बिळात आली. नवऱ्याने तिच्यापुढे एक कंद ठेवला. त्याला माती लागली होती, म्हणजे त्याने स्वतः उकरला होता. "घे. झालं ना तुझंही उद्यापन?"

तिने कंद तोडला, आधी पिल्लाच्या तोंडाला लावला, मग स्वतः खाल्ला. असा गोड कंद त्या जंगलात पुन्हा उगवला नाही, असं ती अजून सांगते.

पुढे काय झालं? वाघराजांनी जाहीर केलं, की त्यांच्या हातच्या एका झटक्याने वणवा परत फिरला. तरसपंतांनी या प्रसंगावर प्रवचनं दिली. आता त्या जंगलात दर खंडेनवमीला यंत्राचं उद्यापन होतं. चांगला धडधाकट स्टार्टर काढतात, वाजत-गाजत ओढ्यात सोडतात आणि नवा बसवतात. ओढ्यात इतके स्टार्टर झालेत, की खेकड्यांनी त्यांत संसार थाटलेत. आणि नारळ? तो अजून यंत्राच्या डोक्यावरच फुटतो. फक्त साळूबाई त्याआधी जाळीवर एक केळीचं पान घालते. कोणी विचारलं तर म्हणते, "यंत्राला सोवळं हवं."

परवा तिला दरबारातून पुन्हा बोलावणं आलं. विहिरीच्या निर्जळी उपासाचं उद्यापन कसं करतात, ते विचारायला. ती म्हणाली, "सोपं आहे, महाराज. आधी गाळाचं विसर्जन करायचं असतं. फावडी आणायला सांगा."

तात्पर्य: मोडलेली वस्तू मोडली आहे, असं मोठ्यांना कधीही सांगू नये. सत्य बोलणाऱ्याचं भलं होतं हे खरं, पण वणवा लागण्याआधी होतं की नंतर, ते पोथीत लिहिलेलं नाही. म्हणून आधी वस्तूला हात जोडावेत, तिचं व्रत मान्य करावं, आणि मग उद्यापनाच्या ताटात अक्षतांखाली एक स्क्रू-ड्रायव्हर ठेवावा. तुमच्याही घरात, गल्लीत, गावात काहीतरी मौन धरून बसलेलं असेल, बाळांनो. त्याच्याभोवती रेशमी दोरा असेल आणि कोणीतरी त्याला ओवाळत असेल. त्या ओवाळणाऱ्याशी भांडू नका. साळूबाईसारखा वसा घ्या, आवडीचं एक काही सोडा, डोळे उघडे ठेवून हात जोडा, आणि देव बसवला आहे ती पेटी एकदा, हळूच, उघडून बघा.